चुंबक चिकटलं तेव्हा

तात्यांचा एकच फोटो आमच्या घरात आहे. बेळगावच्या कुठल्यातरी स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यासमोर, ताठ उभे. तात्या म्हणजे माझे आजोबा. मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, १९४४ साली इटलीत गेले आणि लढाई संपल्यावर कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी परत येऊन शेतीला लागले. लढाईबद्दल फारसं बोलत नसत. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तायबर नदीच्या खोऱ्यात पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव कुणी काढलं, की तात्या उठून गोठ्याकडे जात.

लोखंडी टोपीबद्दल मात्र भरभरून सांगत. "ताटाएवढी रुंद. पाऊस पडला की काठावरून धार लागायची, पण मान कोरडी राहायची." त्यातच पाणी घेऊन दाढी करायची, त्यानेच चिखल उपसायचा, आणि रात्री तीच उशाला. सुटी होताना टोपी जमा करावी लागली, याची त्यांना आयुष्यभर हळहळ होती.

मी गेली अकरा वर्षं इंग्लंडात शेफिल्डला राहतो. धातुशास्त्र हा माझा पेशा. बाबांच्या पंचाहत्तरीला तात्यांच्या टोपीसारखी एक टोपी घेऊन जायची आणि गावच्या घरी त्या फोटोखाली ठेवायची, असं मी दोन वर्षांपूर्वी ठरवलं. जुन्या वस्तूंच्या एका बाजारात तशी मिळालीही. खाकी, खरबरीत रंगाची, मार्क दोन जातीची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश नमुन्याची. आत काळी गादी, कॅनव्हासचा हनुवटीपट्टा, काठाच्या आतल्या बाजूला ठोकलेलं १९४० साल. सोबत चिठ्ठी होती: ब्रिटिश पायदळ, इटली, १९४४. मी एकशेवीस पौंड मोजले आणि ती बाळासारखी कडेवर घेऊन घरी आलो.

पोलाद हातात आलं की चुंबक लावून बघायची मला नोकरीतली सवय आहे. टेबलावर होतं ते लावलं. ते टक्कन चिकटलं. माझ्या पोटात गोळाच आला.

यात घाबरण्यासारखं काय, ते सांगायला हवं. ही टोपी ज्या पोलादाची बनायची ते याच शहरात जन्मलं. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ साली पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज घालून पाहिलं आणि एक विलक्षण धातू हाती लागला. त्यावर जितका मार बसेल तितका त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. आपल्याकडच्या खडी क्रशरचे जबडे आणि रेल्वेचे सांधे आजही याच पोलादाचे असतात. त्याचा दुसरा गुण असा, की त्याला चुंबक धरत नाही. जॉन ब्रोडी यांनी १९१५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या ताटासारख्या हेल्मेटचं पेटंट घेतलं. सुरुवातीची काही हेल्मेटं साध्या मऊ पोलादाची निघाली, पण त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून मँगनीजचं पोलाद वापरायला सुरुवात झाली आणि पत्रा जाड न करता टोपी कितीतरी जास्त मार सोसू लागली. पुढची पंचवीस-तीस वर्षं ब्रिटिश सैनिकाच्या डोक्यावर तेच पोलाद राहिलं. जुन्या शेलवर, म्हणजे टोपीच्या नुसत्या पोलादी कवचावर, पृष्ठभागाचा कार्बन जळून गेला असेल तर चुंबकाला कधी कधी किंचित ओढ जाणवते. पण टक्कन चिकटतं ते मऊ पोलादाला.

म्हणजे माझी टोपी आघाडीवर पाठवण्याच्या लायकीची नव्हती. दुसऱ्या महायुद्धात मऊ पोलादाची किंवा चाचणीत कमी पडलेली शेलं शहरातल्या नागरी संरक्षणाच्या लोकांना देत: हवाई हल्ल्याचे वॉर्डन, आग विझवणारे, कारखान्यांचे पहारेकरी. अशा शेलच्या काठाला बारीक भोकं पाडलेली असत, म्हणजे ती चुकून सैन्याच्या साठ्यात जाऊ नयेत. माझ्या टोपीला तर भोक नव्हतं. विजेरी घेऊन बसलो, काही दिसेना. मग पेन्सिलीच्या टोकाएवढं एक चुंबक घेतलं आणि काठावरून सावकाश फिरवू लागलो. पट्ट्याच्या मागे चार बोटांवर त्याची पकड एकदम सैल झाली. आणखी थोडं पुढे पुन्हा तसंच. दोन भोकं लांबी भरून, घासून, वरून खाकी रंग मारून बुजवली होती, मोटारीचा चेपलेला पत्रा बुजवतात तशी.

विकणाऱ्याला फोन केला. त्याने ती एका घराच्या सामानात घेतली होती म्हणे. भोकं त्याने बुजवली नव्हती, चिठ्ठीही आधीपासूनच होती. खरं असेल. पैसे परत द्यायला तो तयार झाला नाही.

मला पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने झोप लागेना. चुंबक लावलं नसतं तर मी ती टोपी तात्यांच्या फोटोखाली ठेवली असती. बाबांनी रोज सकाळी तिला हात लावला असता.

त्या चिडीतूनच मी एका छोट्या रेजिमेंटल संग्रहालयात शनिवारी काम करू लागलो. तिथल्या कोठारात लोकांनी देणगी दिलेली अकरा पोलादी हेल्मेटं नोंद न होता पडून होती. ती तपासून प्रत्येकाचं कार्ड लिहायचं, एवढं काम. शिकवायला एक निवृत्त गृहस्थ होते. सैन्याच्या दुरुस्ती कार्यशाळेत त्यांची हयात गेली होती. त्यांची पहिली शिकवण होती, "हात लावायच्या आधी वास घे." जमिनीतून उकरून काढलेल्या टोपीच्या गंजाचा, बुटाच्या पॉलिशचा, चहात बुडवून मळकट केलेल्या कापडाचा, कालपरवाच्या रंगाचा, प्रत्येकाचा वास वेगळा. दुसरी शिकवण: स्क्रूला हात लावायचा नाही. एकदा फिरवलेला स्क्रू पुन्हा साक्ष देत नाही.

पहिल्या दोन शनिवारी मी फार जोरात होतो. फसवला गेलेला माणूस जसा सगळ्यांकडे संशयाने बघतो, तसा. तिसरं हेल्मेट हातात आलं ते पहिल्या महायुद्धातलं शेल होतं. शेलला चुंबक धरत नव्हतं, काठावर बसवलेल्या पट्टीला मात्र धरत होतं, आणि तसंच असायला हवं. ब्रोडींच्या पहिल्या नमुन्याला काठपट्टी नव्हती, पत्र्याची उघडी कड हाताला लागायची. १९१६ मध्ये मार्क एक आलं तेव्हा मऊ पोलादाची वेगळी पट्टी दुमडून बसवू लागले. दुसऱ्या युद्धाच्या मार्क दोनला पट्टी गंजरोधक पोलादाची, म्हणून तिथे शेल आणि पट्टी दोन्हींना चुंबक धरत नाही. या शेलवर आत एचएस अशी अक्षरं होती, हॅडफिल्डच्या पोलादाची, पुढे एक आकडा, साल नाही. पहिल्या युद्धातल्या शेलवर साल ठोकत नसत. इथवर सगळं चोख.

पण आत गादी दुसरीच. मार्क एकची मूळ गादी माथ्याला एका रिबिटाने ठोकलेली असते: ऑइलक्लॉथची पट्टी, सुती दोऱ्याची जाळी, रबर, आणि चामड्याचा हनुवटीपट्टा. इथे माथ्यावर स्क्रू, त्याखाली मार्क दोनची रबरी फुलीची गादी, तिच्यावर १९३८ साल, आणि पट्टा कापडी. वीस वर्षांच्या अंतराचे दोन भाग एकत्र! मी कार्डावर ठसठशीत लिहिलं: बनावट, जोडकाम.

त्या गृहस्थांनी कार्ड वाचलं, खिशातून पेन काढलं आणि बनावट या शब्दावर आडवी रेघ मारली. म्हणाले, "बदल झालाय हे तू बरोबर ओळखलंस. कोणी केला, ते विचारायचं राहिलं."

तो बदल सैन्यानेच केला होता. युद्धाचे ढग दिसू लागले तेव्हा कोठारांत पहिल्या युद्धाची शेलं रचून ठेवलेली होती. पोलाद उत्तम, आतल्या गाद्या मात्र सुकून गेलेल्या. मग १९३६ नंतर त्या शेलमध्ये नव्या गाद्या आणि नवे पट्टे बसवले आणि त्या टोप्यांना मार्क एक तारांकित म्हणू लागले. अमेरिकनांनीही त्याच सुमारास आपल्या १९१७ च्या टोप्यांना तसंच केलं. म्हणजे मी ज्याला जोडकाम म्हणून बाद करत होतो ती एक अधिकृत, सरकारी टोपी होती, आणि एखादा हुशार विक्रेता तिच्यातली १९३८ ची गादी काढून तिथे पहिल्या युद्धासारखी गादी बसवील, तर ती टोपी खरोखर बिघडेल. मला हे पचायला आठवडा लागला.

आणि तसंच बिघडवलेलं सातवं हेल्मेट माझीच वाट पाहत होतं. ते बघायला सगळ्यांत देखणं. शेलवर एफएस, म्हणजे थॉमस फर्थ यांचं पोलाद, तेही शेफिल्डचंच. काठपट्टीला चुंबक धरतं. ऑइलक्लॉथची गादी, जाळी, चामड्याचा पट्टा, सगळं पुस्तकात असतं तसं. एका घराण्याने ते पणजोबांची आठवण म्हणून दिलं होतं. माझा हात कार्डावर पूर्णपणे अस्सल असं लिहायला निघालाच होता. त्यांनी फक्त विचारलं, "माथ्यावरचं रिबीट पाहिलंस?"

दहापट भिंगातून पाहिलं. शंभर वर्षांत रिबिटाच्या डोक्याभोवतीचा रंग तडकतो, कारण टोपी ठेवताना-उचलताना तिथेच दाब येतो. कडेला गंजाची बारीक वर्तुळाकार रेघ येते, आणि धूळ त्या रेघेत जाऊन काळी होते. इथे रंग तडकलेला होता, रेघही होती, पण ती रिबिटापासून दोन-तीन मिलिमीटर लांब, स्वतंत्र. म्हणजे कधीकाळी तिथे याहून मोठ्या डोक्याचं काहीतरी बसलेलं होतं. त्याची सावली तेवढी मागे उरली होती. व्हर्नियरने मोजलं तर ती सावली तिसऱ्या हेल्मेटच्या स्क्रूशी जुळली.

मग गादी. शेलच्या आत डाव्या बाजूला गंजाचा तळहाताएवढा डाग होता. त्या डागाला टेकणाऱ्या ऑइलक्लॉथवर त्याचा ठसा कुठेच नव्हता. लोखंड आणि कापड पन्नास वर्षं एकमेकांना टेकून राहिले, तर गंज कापडावर उतरतोच. घरच्या ट्रंकेतल्या साडीवर कडीचा डाग उतरतो तसा. कपाळाच्या पट्टीवर घामाची खारट रेघ नव्हती; मळ होता, पण सगळीकडे सारखा. डोकं कधी सारखा मळ सोडत नाही, पुढे जास्त आणि कानांवर कमी असं असतं. शेवटी दिवे घालवून अतिनील विजेरी लावली. जाळीचा आणि शिवणीचा दोरा निळसर पांढरा झगमगला. कापड जास्त शुभ्र दिसावं म्हणून घालतात ती चमकद्रव्यं दुसऱ्या युद्धानंतर सर्रास आली. पहिल्या युद्धातला दोरा असा उजळत नाही.

एखादी सुटी खूण मी मानली नसती. दोरा नंतर कुणी शिवला असेल, डाग गादी बदलल्यावर पडला असेल. पण रिबीट, डाग, घाम आणि दोरा, चारही साक्षीदार वेगवेगळ्या बाजूंनी येऊन एकच सांगत होते. शेल खरं, आतलं सगळं अलीकडचं, आणि मधे कधीतरी ती तारांकित टोपी होती.

त्या घराण्याला काय सांगायचं, यावर आमची बरीच चर्चा झाली. पणजोबांची गोष्ट खोटी आहे असं आमच्याकडे काहीच नव्हतं. टोपी नंतर विकत घेऊन कुणी त्यांच्या आठवणीशी जोडली असेल, किंवा त्यांच्याच टोपीची कुणी डागडुजी केली असेल. आम्ही त्यांना बोलावलं, विजेरी त्यांच्या हातात दिली आणि जे दिसतं तेवढंच दाखवलं. त्या बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वरचं पोलाद तरी त्यांच्या काळातलं आहे ना?" आहे, असं आम्ही खात्रीने सांगू शकलो. मला त्या क्षणी तात्यांचा फोटो आठवला.

बाकीच्या टोप्यांत फार काही नव्हतं. एकीवर ब्रिटिश असं लेबल होतं, पण शेलवरची अक्षरं झेडने सुरू होत होती आणि पट्ट्याच्या कड्या भरीव रिबिटांनी बसवल्या होत्या. इंग्लंडच्या पहिल्या युद्धातल्या टोप्यांत तिथे दुभंगून वळवलेली रिबिटं असतात. ती अमेरिकन निघाली. दोन मार्क दोन टोप्यांना युद्धानंतरचे लवचीक पट्टे होते, एकावर १९५२ हे साल अजून वाचता येत होतं. पट्टा हा सगळ्यांत आधी झिजणारा भाग, त्यामुळे त्यावरून टोपीला नावं ठेवू नयेत असं माझं मत झालंय. फक्त कार्डावर लिहावं.

मग एका रात्री मी माझी स्वतःची, बुजवलेल्या भोकांची टोपी पुन्हा टेबलावर घेतली. वर्षभर ती कपाटावर तोंड फिरवून पडली होती. खोलीत अंधार केला आणि विजेरी पत्र्याला समांतर, अगदी आडवी धरली. खाकी रंगाच्या खरबरीतपणाखाली, पुढच्या बाजूला, सरळ कडांचा एक उंचवटा दिसला. तिरपी रेघ खाली, तिरपी रेघ वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. डब्ल्यू. वॉर्डनचं अक्षर.

काठाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोनचा एक थेंब घेऊन टेकवला. खाकी रंग लगेच विरघळून कापसावर आला. तो अलीकडचा फवाऱ्याचा रंग होता. त्याखालचा काळा रंग जागचा हलला नाही. जुना तैलरंग मुरून दगडासारखा झालेला असतो. मी तिथेच थांबलो. अशा जुन्या रंगांत शिसं असतं, त्यामुळे घासायचा तर प्रश्नच नव्हता. वरचा खाकी थर मात्र नंतर त्या गृहस्थांच्या देखरेखीखाली, चार शनिवार घालवून, बोटाच्या पेराएवढ्या तुकड्या-तुकड्याने काढला. काळ्यावर पांढरा डब्ल्यू वर आला, एका टोकाला टवका उडालेला.

शेफिल्डवर १९४० च्या डिसेंबरात १२ आणि १५ तारखेच्या रात्री बॉम्ब पडले. साडेसहाशेहून जास्त माणसं गेली. फिट्झॅलन चौकातल्या मार्पल्स हॉटेलच्या तळघरात आसऱ्याला बसलेले सत्तरच्या आसपास लोक एका बॉम्बने गाडले गेले. माझी टोपी त्या रात्री कुठे होती याचा काहीही पुरावा नाही आणि मी तो शोधणारही नाही. पण ती कुणीतरी अशाच कुठल्यातरी रस्त्यावर, दिवे मालवा म्हणून ओरडत घालून फिरलं होतं. तिच्यावर इटली लिहिणाऱ्याने त्या माणसाला पुसून टाकलं होतं. तिला मी टाकाऊ समजत होतो, याचं मला मनापासून वाईट वाटलं. ती आता माझ्या टेबलावर असते. भोकांमधली लांबी काढली आहे.

गावाकडे न्यायची टोपी त्यानंतर सहा महिन्यांनी मिळाली, त्या गृहस्थांच्या ओळखीतून. १९४१ चं शेल, १९४२ ची गादी, आणि त्यानंतर कधीतरी बदललेला पट्टा. दोन वर्षांपूर्वी हे जुळत नाही म्हणून मी ती हातातही घेतली नसती. आता मी रिबिटं पाहिली, गादीवर उतरलेला गंज पाहिला, कपाळाच्या जागची घामाची रेघ पाहिली, आणि ती घेतली.

बाबांना सगळं सविस्तर सांगितलं. भोकं, डब्ल्यू, तारांकित टोप्या, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग ही तात्यांची असू शकते?" मी म्हटलं, "नाही बाबा. अशीच असणार, एवढंच." टोपीशेजारी ठेवायचं कार्ड मी मराठीत लिहून नेलं होतं: शेल १९४१, गादी १९४२, पट्टा नंतरचा, तात्यांची नाही, तात्यांच्या टोपीच्या जातीची. बाबांनी ते दोनदा वाचलं. मग उठून स्वयंपाकघरात गेले, फ्रिजवरचं चुंबक काढून आणलं आणि टोपीला लावलं. ते घसरून फरशीवर पडलं. त्यांनी ते उचलून पुन्हा लावलं, या वेळी काठाला. पुन्हा पडलं. मग दोन्ही हातांनी टोपी उचलून त्यांनी ती फोटोखालच्या फळीवर ठेवली.